खांड

पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा वास आला की पेणच्या खाडीकाठच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. डोलवीच्या कंपनीत कामाला असलेल्या थोरल्या भावाने ओटीवर माशांची काचेची टाकी बसवली होती. तिचं पाणी नळीने खालच्या टाकीत उतरायचं आणि पंप ते परत वर चढवायचा. जेवढं उतरतं तेवढंच चढावं म्हणून पंपाचा कॉक फिरवण्यात त्याची सगळी सुट्टी गेली होती. बाबांचा जन्म मात्र खाडीचा बांध राखण्यात गेलेला. झोपेत खळखळ ऐकून ते दचकून उठले, बांधाला भगदाड पडलं असं वाटून "खांड परली!" ओरडले आणि नळीच्या तोंडात फडकं कोंबून बसले. पंप चालूच होता, टाकी भरून ओटीवर वाहू लागली. शिफ्टवरून आलेल्या भावाने ते पाहिलं आणि बाबांची मान धरून त्यांना भिंतीवर आपटलं. बाबांनी उलट्या हाताने त्याचं थोबाड फोडलं. भावाने पाना भिरकावला, तो बाबांना चुकवून काचेत घुसला. पाणी सुटलं तसे बाबा धावले आणि त्या भगदाडाला पाठ लावून उभे राहिले. काचा पाठीत रुतत होत्या, मासे पायाशी तडफडत होते, रक्ताळलेलं पाणी उंबऱ्यावरून जात होतं आणि बाबा ओरडत होते, "माती आन रे, माती!" भाऊ फावडं घेऊन अंगणात धावला. आज माझ्या रोह्याच्या घरी तो टाकी बसवतोय. सोल्युशनचा वास घरभर झालाय. पंप सुरू करायच्या आधी तो मला विचारतो, "अंगनात माती हाय ना गो?"