खुर्चीतून उठायची जागा

"थांबा जरा, माहा पाय येऊन राहिला मागून."

सुरक्षा तपासणीपाशी काका हे वाक्य दर वेळी म्हणत. लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळे उजव्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी सळ्या आणि खाली जाड तळाचा बूट. सळ्यांसकट तो बूट काढून ट्रेमध्ये ठेवावा लागे. ट्रे मशीनमध्ये शिरे आणि हे खुर्चीत बसून तो पलीकडून कधी निघतो याची वाट बघत. तपासणारा जवान हसला तर ठीक, नाही हसला तर तेच वाक्य ते हिंदीत म्हणून पाहत. हिंदीतही न हसलेला माणूस आपल्याला भेटलाच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी असे दोन-तीन पाहिले आहेत, पण बोलले नाही.

मी नागपूरच्या विमानतळावर व्हीलचेअर ढकलते. तुम्ही विमानाने गेला असाल तर माझ्या बाजूने गेला असाल, पण मी तुम्हाला आठवणार नाही. लोक खुर्चीकडे एकदा बघतात आणि लगेच नजर मोबाइलमध्ये घालतात. आमच्या बोलण्यात तर प्रवाशालाच व्हीलचेअर म्हणतात. दोन व्हीलचेअर आल्या, एक व्हीलचेअर बाथरूमला गेली, असं. आता कानाला काही वाटत नाही. रांग टाळायला खुर्ची मागणारेही असतात. चढताना लंगडणारे कितीतरी जण वरच्या वर बरे होतात आणि खाली उतरल्यावर दोन्ही हातांनी बॅगा ओढत पळतात. मी त्यांना काही म्हणत नाही. मनात म्हणते.

काकांचं सगळं उलटं होतं. पहिल्या वेळी त्यांचा पाय पाहून मीच खुर्ची घेऊन गेले, तर त्यांनी खुर्चीकडे असं पाहिलं, जसं लग्नात नको असलेल्या पाहुण्याकडे पाहतात. मग पिशवी उचलून खुर्चीत ठेवली.

"सामानाले बसव," म्हणाले. "मी येतो तुह्या मागून."

लकडगंजात त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. आरा मशीनच्या जळलेल्या मोटरी ते खोलून पुन्हा तांब्याची तार भरून देत. दुकान विकून झालं, बायको गेली, उत्तर नागपुरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत हे एकटे राहिले. एकुलती एक मुलगी बंगळूरला नोकरीला. तिच्याकडे वर्षातून तीन-चार खेपा व्हायच्या. सोबत लाखोळीची डाळ असायची, दर वेळी. मागच्या वेळची तिच्या डब्यात तशीच पडलेली असते, हेही तेच सांगायचे. तरी न्यायचे.

तर पिशवी खुर्चीत, मी खुर्ची ढकलते आहे, आणि मागून काका काठी टेकत, पाय गोल फिरवत येत आहेत, अशी आमची वरात निघाली. लोक पिशवीला वाट देत होते. एका मुलाने मला विचारलं, "अंकल को चलने आता क्या?" मी तोंड उघडायच्या आत उत्तर मागून आलं.

"मले विचार ना गा. पाय खराब हाये, कान नाही."

ते फार लवकर यायचे. विमान दुपारचं असलं तरी सकाळीच येऊन बसायचे. घरी काय करू, म्हणायचे. मला काम नसलं की मी जवळ जाऊन उभी राहायची. सामानाच्या पट्ट्याचा आवाज ऐकून त्यांनी एकदा निदान केलं, "हे मोटर दोन महिन्यांत बसते, सांगून ठेवतो." पुढच्या खेपेला आल्या आल्या विचारलं, "बसली का?" नव्हती बसली. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. ती मोटर अजून चालते आहे. तिच्यावर काकांचा राग होता, आणि मला वाटतं थोडा जीवही.

हळूहळू पिशवी मांडीवर आली आणि काका खुर्चीत. आधी फक्त तपासणीपुरते, मग अर्ध्या वाटेपासून, मग दारापासूनच. खराब पाय होता तसाच होता, चांगल्या पायाचा गुडघा गेला होता. साठ वर्षं दोघांचं ओझं त्याने एकट्याने वाहिलं, आता तो थकला, असं ते त्याच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलत. मी विचारलं, "काका, मग तिकिटातच खुर्ची लिहून टाका ना. इथं येऊन मागता, कधी मिळते, कधी थांबा लागते."

"तिकीट पोरगी काढते," ते म्हणाले. "तिले नाही सांगायचं."

"काहून?"

"तिनं मले खुर्चीत पाह्यलं का झालं. घराले कुलूप. म्हणून राहिली ती कवाची, बाबा, इकडेच या. आतापर्यंत मी म्हणत आलो, काहून येऊ वं, चांगला तर चालतो."

मग त्यांनी मला त्यांची युक्ती सांगितली. बंगळूरला उतरल्यावर तिथला मुलगा खुर्ची आणतो. बाहेरच्या दाराच्या थोडं अलीकडे एक खांब आहे. तिथे थांबायचं, उठायचं, शर्ट ओढायचा, आणि काठी टेकत काचेच्या दारातून बाहेर पडायचं. बाहेर लेक उभी असते. तिला चालत येणारा बाप दिसतो. तिथून गाडीपर्यंत कसंबसं निभतं.

"फसवता पोरीले," मी म्हटलं.

"मंग काय करू? खरं सांगून घर देऊ?"

त्या घरात होतं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. शेजारचे जुने लोक गेलेले. दुपारी कोणी येत नाही, संध्याकाळी हे विहारात जाऊन बसतात आणि परत येतात. एकदा सणाला ते बोलायला माणूस नाही म्हणून विमानतळावरच आले होते, तिकीट नसताना, आणि बाहेरच्या कठड्यावर बसून राहिले. माझी ड्यूटी सुटली तेव्हा मला दिसले. मी रागावले. तेव्हा म्हणाले, "तिथं लिफ्टमध्ये सारे मले अंकल म्हणतात. इथं भाजीवाला 'वाइंडिंगवाले, मेथी घेता का' म्हणते." एवढंच म्हणाले. मी त्यांना ऑटोत बसवून दिलं.

मग ते सरावाला लागले. नागपूरलाच, तपासणीनंतर, पाणी प्यायच्या जागेच्या आडोशाला. मी खुर्चीचे ब्रेक लावायची, ते दोन्ही हात टेकून उठायचे आणि माझ्याकडे पाहायचे.

"सांग. कसा दिसून राहिलो?"

"तोंड वाकडं होते तुमचं."

"पुन्हा पाह्य."

पुन्हा उठायचे. आता तोंड सरळ, पण डोळे मिटलेले. मी म्हणायची, डोळे उघडे ठेवा, झोपेत चालल्यासारखे दिसता. ते हसायचे आणि हसल्यावर तोल जायचा. कोणाचा तरी बाप उभा राहायची तालीम करतो आहे आणि मी त्याला चुका दाखवते आहे, या विचाराने कधी हसू यायचं आणि कधी यायचं नाही. माझे स्वतःचे वडील काटोलला आहेत. त्यांच्याशी माझं फोनवर जेवण झालं का, एवढंच बोलणं होतं. त्या काळात मी त्यांना जरा जास्त फोन केले.

परतीचा प्रवास वेगळा असे. खुर्चीचा प्रवासी विमानातून सगळ्यांच्या शेवटी उतरतो. सगळे निघून जातात, साफसफाईवाले चढतात, तोवर तो आपल्या जागेवर बसून असतो. मी दारात जायची तेव्हा रिकाम्या विमानात काका एकटे दिसायचे, पिशवी मांडीवर. नागपूरला ते कुठेच उठत नसत. थेट ऑटोपर्यंत खुर्चीत. इथे त्यांना पाहायला कोणी आलेलं नसायचं.

मग बरेच महिने ते आले नाहीत. आणि एका दुपारी बंगळूरच्या विमानातून आले, तर खुर्ची एक बाई ढकलत होती. आमच्यातली नव्हे. नाक तेच, कपाळ तेच. लेक होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. मी ओळख दाखवली नाही. त्यांना ओळख दाखवलेली नको होती, हे मला कळलं.

आठवड्याभराने दोघं परत निघाले. काका आमच्या एका माणसासोबत बाथरूमला गेले होते तेव्हा ती स्वतःच माझ्याजवळ आली. "तुम्हीच ना त्या? बाबा सांगायचे, विमानतळावर एक मुलगी गप्पा मारते म्हणून."

मी हो म्हटलं. ती शहरातल्या मराठीत सावकाश बोलत होती. बाबा घरी पडले, संध्याकाळी. सकाळी दूधवाल्याने हाक मारली तोपर्यंत फरशीवरच होते. मग ती येऊन घेऊन गेली, तिकडे उपचार झाले, आणि आता घर आवरून द्यायला दोघं आले होते. किल्ली घरमालकाच्या हातात देऊन झाली होती.

"आधीच न्यायला हवं होतं," ती म्हणाली.

"चालत होते ते," मी म्हटलं.

ती हसली. आणि मग तिची भाषा एकदम नागपूरला आली. "मले माहीत होतं. काचेतून सारं दिसते ना. पहिल्याच वेळी दिसले, त्या खांबापाशी उठताना. मंग मी गर्दीच्या मागं जाऊन उभी राहायची. ते दारातून आले का मंग हात करायची. घर सोडाच, असा हट्ट धरला असता तर मले तोंडावर काही बोलले नसते. पण जेवले नसते."

काका परत आले तेव्हा ती बॅगेची चेन लावत होती. मी त्यांना यातलं काही सांगितलं नाही, आणि तिनेही सांगितलं नसावं.

तपासणीला बायकांची रांग वेगळी. ती तिकडे गेली. मी काकांना घेऊन पुरुषांच्या बाजूला उभी राहिले. त्यांनी तिची रांग कुठवर गेली ते पाहिलं, मग खिशातून तिकिटाचा कागद काढून मला दिला.

"चष्मा तिच्याजवळ राह्यला. पाह्य बरं, परतीचं कवाचं हाये?"

मी कागद पाहिला. पाहायची गरज नव्हती. लेक बोलली तेव्हाच मला ते कळलं होतं. तरी उलटून पाहिला, मागची कोरी बाजूही पाहिली.

"यात नाही काका," मी म्हटलं. "तिकडून काढतील. तिकडून स्वस्त पडते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कागद घेतला, घडी केली, खिशात ठेवला आणि माझ्या हातावर हात ठेवला, मीच कुठेतरी पडले असल्यासारखा.

"हो," म्हणाले. "तिकडूनच काढते ती."

विमानात चढायच्या दारापाशी माझी दुसरी खेप लागली, म्हणून आमच्या एका मुलाने खुर्ची घेतली. विमानाच्या दारापर्यंत जाणारा तो बंद पूल खाली उतरत जातो. उतारावर खुर्ची सरळ नेली तर माणूस पुढे घसरतो, म्हणून तिथे ती उलटी फिरवतात आणि ढकलणारा मागे सरकत सरकत खाली नेतो. लेक दोन्ही बॅगा घेऊन पुढे निघाली होती. मुलाने खुर्ची वळवली. काकांची पाठ विमानाकडे झाली.

मला पुढच्या प्रवाशाकडे जायचं होतं. गेले नाही. काका दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते. हात हलवला नाही, हसले नाहीत, नुसते पाहत होते. पुलाला वळण आहे. तिथे पोचेपर्यंत त्यांचं तोंड नागपूरकडे होतं.