फोनवरून चाखलेली आठ सँडविच

रविवारच्या पुरवणीत ती यादी पाऊण पान आली होती. आमचं वर्तमानपत्र हिंदी असल्यामुळे मथळाही हिंदीत होता: 'रायपुर के आठ सैंडविच'. खाली एका ओळीत म्हटलं होतं की हे शहर जितक्या ठिकाणांहून आलेल्या माणसांचं आहे, तितक्या तऱ्हांनी इथं दोन पावांच्या मध्ये काहीतरी भरलं जातं. गुजराती, सिंधी, बंगाली, छत्तीसगढी, तेलुगू, प्रत्येकाला एक चौकट, एक फोटो आणि चार वाक्यं. वाक्यं माझी होती. त्या आठांपैकी एकही सँडविच मी खाल्लेलं नव्हतं.

शहर-पानावर याला कोणी लबाडी म्हणत नाही. त्या शुक्रवारी तीन वाजता एक जाहिरात रद्द झाली, पाऊण पान मोकळं पडलं आणि सहा वाजता पान छपाईला सोडायचं होतं. अशा वेळी फोन घेऊन बसायचं असतं. दुकानदारांना विचारायचे प्रश्न ठरलेले असतात: काय काय घालता, किती वर्षं झाली, खास काय. उत्तरांना विशेषणं लावायची. कुरकुरीत, लुसलुशीत, चटपटीत, तोंडात विरघळणारं. फोटो दुकानदार स्वतःच पाठवतात; नाही आला तर ऑफिसातला एखादा जुना लावायचा. पावणेसहाला पान गेलं. सोमवारी ते मी विसरलेही होते.

दोन वर्षांनी आईला न्यूमोनिया झाला. अकरा दिवस दवाखान्यात काढून ती पुरानी बस्तीतल्या आमच्या घरी परत आली ती खाणं सोडूनच. वरण-भात कडू लागायचा, खिचडी चिकट लागायची, पेजेला वास यायचा. चमचा समोर नेला की ती मान वळवायची, आणि मग 'जा, ऑफिसले उशीर होऊन राहिला तुले' असं वर म्हणायची. वजन एकोणचाळीस किलो होतं. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी सांगितलं की दोन आठवड्यांनी पुन्हा वजन करू. ते आणखी घटलेलं असलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. दुसरा मार्ग नाही.

वडिलांचे शेवटचे तीन महिने अशाच नळीवर गेले होते. ती नळी आईनं रोज स्वतःच्या हातानं धुतली होती.

"मले नळी नको," ती घरी येऊन म्हणाली.

"मग खा."

"खाववत नाही."

हा संवाद दिवसातून चारदा व्हायचा. चौथ्या वेळेला माझा आवाज चढायचा. मग कॉलेजात शिकणारी माझी मुलगी आतून ओरडायची, "मम्मी, आजी पर चिल्लाओ मत ना!" तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

पाचव्या दिवशी आईनं पलंगाखालून प्लास्टिकची फाइल काढायला लावली. माझी छापून आलेली कात्रणं ती त्यात ठेवते. नालेसफाईवरची सहा भागांची मालिका वरच होती. ती तिनं बाजूला केली आणि सँडविचांचं पान काढलं. पाचव्या चौकटीभोवती लाल पेनानं रेघ होती.

"हे आण. एक नंबरापासून. रोज एक."

"काहून हेच?"

"तू खाऊन लिहिलं ना. तुले आवडलं म्हणजे मलेही आवडंल."

खरं सांगायची वेळ तीच होती. पण पाच दिवसांत पहिल्यांदा तिनं खायला काही मागितलं होतं. मी गाडीची किल्ली घेतली.

एक नंबर गुजराती. तीन थरांचं, कोळशावर चिमट्यात भाजलेलं, आत उकडलेला बटाटा, काकडी, बीट, हिरवी चटणी. मी 'संतुलित' असा शब्द वापरला होता. गाडीवाल्याला सांगितलं की आजारी माणसासाठी आहे, मिरची कमी घाला. तो म्हणाला, "जी दीदी," आणि मग "सब डालूँ?" असं विचारून माझं उत्तर येण्याआधी सगळं घातलं. रायपुरात हा प्रश्न उत्तरासाठी विचारत नाहीत. वरून मूठभर शेव, त्यावर चीज किसून. घरी येईपर्यंत पाव ओला झाला होता. आईनं अर्धं खाल्लं. कात्रण डोळ्यांसमोर धरून ती म्हणाली, "शेवेचं तू लिहिलंच नाही."

दोन नंबर सिंधी. कटोरा तालाबाजवळ सकाळी दाल-पकवान विकणारा एक जण पकवान, म्हणजे कडक पुऱ्या, संपलं की तीच मुगाची डाळ पावात भरून देतो, वर कच्चा कांदा आणि लाल चटणी. मी 'दिवसभर' असं छापलं होतं. ते साडेनऊला संपतं. पहिल्या दिवशी रिकाम्या हातानं परतले, दुसऱ्या दिवशी आठला जाऊन उभी राहिले, आणि त्या दिवशीची संपादकीय बैठक चुकली. आईनं अख्खं खाल्लं. मग विचारलं, "काल काहून नाही आणलं? तुले तर माहीत होतं ना कधी मिळते ते."

तीन नंबर मी गाळायला पाहिलं. बंगाली टपरीवरचं ते आमलेट घातलेलं टोस्ट होतं, आणि आमच्या घरात अंडं येत नाही. दुपारी मी सरळ चार नंबरचं पुडकं तिच्यासमोर ठेवलं.

"तीन कुठं गेला?"

"आई, त्यात अंडं आहे."

"मले वाचता येते. डॉक्टरनंबी अंडं सांगितलं आहे. आण."

संध्याकाळी आणलं. तिनं देवघराचं दार लावून घ्यायला सांगितलं, भिंतीकडे तोंड केलं आणि सावकाश सगळं संपवलं. हात धुऊन म्हणाली, "तू घराबाहेर हे असंच खात राहिली इतके वर्ष. मी काही बोलली का?" मी आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही. तेही मी सांगितलं नाही.

त्या पुडक्यातलं चार नंबर महिलांच्या एका बचत गटाचं होतं, 'छत्तीसगढी सँडविच'. तांदळाच्या पिठाचे दोन चिले, म्हणजे घावनं, मध्ये टमाटरची चटणी आणि पनीर. आईनं ते उघडून बघितलं. "हा चिला आहे. कापून ठेवला म्हणून सँडविच झाला का? तुमच्या पेपरात कोणी वाचून पाहते की नाही?" तरी चटणीसकट एक चिला गेला.

नऊ दिवस झाले होते. घरच्या काट्यावर वजन घटणं थांबलं होतं. मी रोज शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जात होते. वाहतूक कोंडीवर मी अनेक बातम्या लिहिल्या आहेत, पण कांद्याच्या वासाच्या पुड्यासह त्यात रोज उभं राहायची वेळ पहिल्यांदाच आली. आणि पुढं पाच नंबर होता, लाल रेघेतला.

पाच नंबर अभनपूरच्या रस्त्यावरची बेकरी. सगळ्यात जास्त विशेषणं मी तिच्यावर खर्च केली होती: घरच्या लोण्यात मंद आचेवर परतलेला जाड पाव, आत मसाल्याचं पनीर, वर वितळलेलं चीज, सोबत कैरीची चटणी. आईनं जाहीर केलं की ही जागा तिला स्वतः बघायची आहे.

"इतक्या लांब? तुझ्यानं बसवणार नाही."

"पडून येतो गाडीत."

मुलीनं गाडी चालवली. आई मागच्या सीटवर उशीला टेकून. अभनपूरच्या अलीकडे पत्र्याचं छत, दोन काचेची कपाटं आणि बाहेर बाकावर एक म्हातारे बेकरीवाले. कपाटात टोस्ट, खारी, क्रीम रोल आणि पाव. मी खाली उतरून सँडविच मागितलं. आईच्या बाजूची काच खाली होती.

"सैंडविच?" म्हातारे हसले. "हमन तो टोस अउ पाव बनाथन, दीदी. सैंडविच कभू नइ बनाएन."

टोस्ट आणि पाव करतो, सँडविच कधी केलंच नाही, असं ते छत्तीसगढीत सांगत होते. मी कात्रणाचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोबाइल लांब धरून बघितला, मुलाला हाक मारून वाचून घेतला आणि मान डोलावली. हो, फोन आला होता. एक बाई विचारत होत्या.

"तुम्ही हो म्हणालात. पनीर विचारलं, हो म्हणालात. चीज विचारलं, हो म्हणालात."

"आप मन पूछत गेव, मैं हव-हव कहत गेंव. फोन म कोनो ल नइ कहना बने नइ लागय."

म्हणजे मी विचारत गेले आणि ते हो म्हणत गेले, कारण फोनवर कोणाला नाही म्हणणं बरं दिसत नाही. ते बिलकूल खजील नव्हते. कैरीच्या चटणीचं मीच सुचवलं होतं, असंही त्यांनी आठवून सांगितलं. मग ते म्हणाले की तेव्हापासून दर रविवारी शहरातून गाड्या का येतात आणि लोक न खाता का जातात, ते आता कळलं. पण पाव ताजा आहे, नेता का? मी एक पाव घेतला.

गाडीत बसले तेव्हा आई समोर बघत होती.

"म्हणजे तू हे खाल्लं नव्हतं."

"नाही."

"एक नंबर?"

"नाही."

"अंड्याचं?"

"तेही नाही. एकही नाही, आई. फोनवरून लिहिलं होतं."

मुलीनं आरशातून बघितलं. "मम्मी, सीरियसली?"

"तू गाडी चालव."

रात्री आईनं काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध परत गेलं. मी सहा नंबर आणलं, तेलुगू माणसाच्या गाडीवरचं, शेंगदाण्याच्या चटणीचं. तिनं पुडकं उघडलंही नाही.

"भूक नाही मले."

"काल सकाळपर्यंत होती."

"काल मले वाटत होतं, हे तुझं खाल्लेलं आहे. मी विचार करत होती, दुपारी एकटी फिरते, काय खात असंल पोट्टी. हे वाचून बरं वाटत होतं मले. इतकं चांगलंचुंगलं खाते म्हणून." ती भिंतीकडे वळली. "तू तर डब्यातली थंडी पोळी खात होती."

ते खरं होतं. पण वजन करायला तीन दिवस उरले होते आणि एका पाऊण पानावरून नळी लागणार हेही खरं होतं. माझा संताप झाला. तिच्यावर, त्या हव म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांवर, जाहिरात रद्द करणाऱ्यावर. मी तिच्या पलंगावर बसले, सहा नंबरचं पुडकं फाडलं आणि सँडविच स्वतः खायला सुरुवात केली. भूकही लागली होती. सकाळपासून त्या गाडीवर रांगेत उभी होते.

दोन घास झाल्यावर ती वळली.

"कसं आहे?"

तोंडात सवयीनं 'खमंग' आलं. ते मी गिळलं.

"पाव कालचा आहे. चटणी चांगली आहे, पण शेंगदाणे जास्त भाजलेत. बटाट्यात मीठ नाही. काकडी कडू."

"छापलं काय होतं?"

"स्वाद का धमाका."

ती हसली नाही. हात पुढं केला. "कडू काकडी काढून दे."

मी काकडी काढून उरलेला तुकडा दिला. तिनं खाल्ला, मीठ खरंच नाही म्हणाली, आणि मिठाची डबी मागितली.

मग तशीच रीत पडली. आधी मी खायचं, काय आहे ते नीट सांगायचं, मग ती. सात नंबरला मी 'ठीक आहे' म्हणाले तर तिनं विचारलं, "ठीक म्हणजे काय? मऊ की कडक? तिखट किती?" चाळीस सेकंद मी चटणीवर बोलले. संपादकांनी कधी माझ्याकडून इतकं काढून घेतलेलं नाही. घरचा वरण-भातही तिनं याच अटीवर घेतला: मी पहिला घास खाऊन सांगितलं की हिंग जास्त झालाय, आणि तिनं चार घास खाल्ले.

ठरल्या दिवशी डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं. शाल काढायला लावली, चप्पल काढायला लावली. चाळीस किलोला थोडं कमी. त्यांनी फाइलवर काहीतरी लिहिलं आणि सांगितलं की नळीचं सध्या राहू द्या, पंधरा दिवसांनी पुन्हा या.

"क्या खिला रहे हैं?" त्यांनी मला विचारलं.

उत्तर आईनं दिलं. "पहले ये खाती है, फिर मैं. ये नहीं खाएगी तो मैं भी नहीं खाऊँगी."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तो आप खाती रहिए. दिन में पाँच बार, थोड़ा-थोड़ा."

आठ नंबर तेलीबांध्याच्या तलावाजवळ मिळतं. पावावर पांढऱ्या मेयोनीजचा बोटभर थर देतात आणि मला मेयोनीजच्या वासानंही मळमळतं. दुपारी बाराला ऊन डोक्यावर असताना गाडी बाजूला लावून मी ते घेऊन आले. आई मागच्या सीटवर सरळ बसली होती, मांडीवर रुमाल पसरून, आणि वाट बघत होती. मी पहिला घास घेतला.

"सांग," ती म्हणाली.