काचेतली सवत

आमचे हे गंगापूरच्या एसटीवर कंडक्टर होते. आवाज असा की मागच्या बाकावर झोपलेला माणूससुद्धा दचकून तिकीट काढायचा. घरीही तोच आवाज. मला उभ्या जन्मात नावानं हाक नाय. "अगं ए" म्हटलं की मी समजून घ्यायचं. आणि आता सत्तरी उलटल्यावर हे एका सापाला "राणी" म्हणतात.

साप आमच्या नातीचा. सायली नोकरीला पुण्याला गेली, तिथल्या घरमालकानं साप नको म्हटलं, म्हणून काचेची पेटी आमच्या हॉलमध्ये आली. साप परदेशी, बिनविषारी, सरकारी कागद केलेला. उन्हात धरला की तपकिरी अंगावर निळी-जांभळी झाक मारतो, हिमरू शालीसारखी. तसली शाल मी लग्नापासून मागते आहे.

या राणीला हवा लागते दमट. आमच्या संभाजीनगरात उन्हाळ्यात माणसाचे ओठ फुटतात, तिथं हिला बारा महिने पावसाळा पाहिजे! नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाय. माझा मोगरा वाळून काटकी झाला. पण हे सकाळ-संध्याकाळ पेटीत फवारा मारणार, खालचं शेवाळ दाबून ओल बघणार. उंदीर खाल्ल्यावर तिला दोन दिवस हात लावायचा नाय, म्हणे पोटाला त्रास होतो. एरवी हात साबणानं धुऊन, खालून अलगद आधार देऊन मांडीवर घ्यायची, माणसाळलेली राहावी म्हणून. आम्हाला माणसाळवायला कोण बसलं होतं?

एकदा यांनी लई लाडानं विचारलं, "कात टाकतेस का गं?" मी पान लावत होते. म्हटलं, "टाकलाय की, चुनाच कमी आहे." वळून बघते तर हे पेटीपुढं उकिडवे बसलेले. कात टाकायच्या आधी तिचे डोळे दुधाळ होतात, ते यांना पहिल्याच दिवशी दिसले होते. माझा मोतीबिंदू मी चहात मीठ घातलं तेव्हा कळला.

शेजारची सरूबाई म्हणाली, "सांडूभाऊंनी सवत आणली की गं!"

"सवत परवडली," मी म्हटलं. "ती भांडली तरी असती."

त्यातच फर्दापूरला भाच्याचं लग्न निघालं, मुक्काम पडला. परत येऊन बघतो तर पेटी कोरडी ठक्क, आणि राणीची कात निम्मीच निघालेली. बाकीची जागोजागी चिकटलेली, शेपटीला तर दोरा आवळावा तशी. यांनी सायलीला फोन लावला.

"आजोबा, ओढू नका!" ती ओरडली. "कोमट पाण्यात बसवा, मग ओल्या टॉवेलातून सरकू द्या. शेपटीवर राहिली तर रक्त थांबतं, शेपूट जातं."

यांचे हात आता थरथरतात. माझ्याकडं बघून म्हणाले, "अगं ए, धरतेस का जरा?"

"मी? सवतीला न्हाऊ घालू?"

"तिचं शेपूट जाईल गं."

इतका बारीक आवाज माझ्या बाळंतपणातही काढला नव्हता. जळजळ झाली, पण पदर खोचला. राणीला घमेल्यात कोमट पाण्यात ठेवली, मग ओला टॉवेल दोन्ही तळहातांत सैल धरला. ती आत शिरली. गार, जड, नुसती ताकद. हे समोर बसून पुटपुटत होते, "पुढं सरका, पुढं सरका." बऱ्याच फेऱ्यांनंतर कात टॉवेलला राहिली, शेपटीच्या टोकापर्यंतची, आणि राणी चकचकीत बाहेर आली.

पेटीत जायचं सोडून ती माझ्या मनगटाला वेढा देत वर चढली आणि दंडावर डोकं टेकून निवांत पडली.

"ये राणी, इकडं ये," यांनी हात पुढं केले. राणी ढिम्म. यांनी जागा बदलली, चुचकारलं. तिनं जीभ काढली ती माझ्या बाजूला.

जरा वेळानं म्हणाले, "दे माझ्याकडं. तुझ्या हाताला रग लागंल."

उभ्या संसारात माझ्या हाताची चौकशी पहिल्यांदा झाली, आणि ती कशापायी हे न कळण्याइतकी मी येडी नाय.

"लागू द्या," मी म्हटलं.