घासलेली माशी

माझ्या चुलतभावाने पलटणीत नेमबाजीत गोऱ्या साहेबांना हरवून चषक जिंकले, आणि ते मांडले गेले साहेबांच्याच जेवणघरात. ही चोरीच होती. दादाला मात्र राग नव्हता. लढाई संपल्यावर तो कृष्णाकाठी घरी आला तो एक बक्षिसाची बंदूक आणि विलक्षण शांतपणा घेऊन.

मी तेव्हा गावोगाव स्वराज्याची पत्रकं वाटायची, सारखी घाईत. तो मला माळावर नेऊन गवतात पालथं झोपायला लावी. "श्वास अर्धा सोड. आता ऐक." ऐकावं तर खालचा ऊस सळसळायचा थांबलेला, घार आभाळात टाचून ठेवलेली आणि आपण कुठेतरी पाण्याखाली. गोळी सुटायची ती दुसऱ्याच कुणाच्या झोपेतून आल्यासारखी.

त्या दसऱ्याला शेजारच्या संस्थानात नेमबाजी होती. पहिला येईल तो दिल्लीच्या सामन्याला जाणार. दादा चाळिशीला टेकलेला, डोळ्याला पाणी येऊ लागलेलं. ही शेवटची संधी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

नळीच्या टोकाला नेम धरायचा पितळी मणी असतो, त्याला माशी म्हणतात. उन्हात चमकू नये म्हणून दादा ती दिव्याच्या काजळीने काळी ठेवी. मैदानात आडवं होऊन त्याने गवसणी काढली, आणि माशी सूर्यासारखी पेटली. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. दादा नाव नोंदवायला गेलेला असताना काकीने, म्हणजे त्याच्या आईने, विळेकोयत्यांबरोबर बंदूकही चिंच-राखेने घासून पुजली होती आणि पुन्हा गवसणीत घातली होती.

"काडीपेटी आण," दादा म्हणाला. मी धावले. पंच म्हणजे एक म्हातारा सुभेदार. त्याने मान डोलावलीही होती. पण संस्थानचा कारभारी म्हणाला, "घंटा झाली. आता हात लावायचा नाही."

मी गप्प बसले असते तर सुभेदाराने त्याला समजावलं असतं. मी ओरडले, "मैदान काय तुमच्या बापाचं हाय? उद्या संस्थानं बुडतील, तवा कुठं जाल?"

मला दोरीबाहेर काढलं. दादाला तसंच मारायला लावलं. धुरातून निशाणाचा लांबचा पांढरा ठिपका उन्हात तरंगत होता, पाण्यातल्या फुलासारखा. दादा दोन गुणांनी हरला.

काकी ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी. "काय झालं रं?"

"वारं हुतं, आई."

"आन् म्या बंदूक सोन्यावानी घासली हुती की!"

"व्हय. लय लखलखत हुती."

मी तोंड उघडलं. दादाने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

तीन दिवसांत तक्रार दिली तर फेरसामना मिळू शकत होता. मी एका बैठकीत चार पानं लिहिली. पण असा अर्ज चौकशीच्या वेळी गावच्या चावडीवर मोठ्याने वाचला जाई. दादाने माळावर बसून तो वाचला.

"आईची ओळ काढ."

"ती काढल्यावर उरतं काय?"

"मग नको."

"आरं दादा, दिल्ली जाईल की!"

"जाऊ दे. तिनं दिल्ली बघितली न्हाई. बंदूक मातुर जीव लावून घासली."

तो गवतात उताणा झाला. तिसऱ्या दिवशी ऊन उसावरून उतरेपर्यंत मी अर्ज हातात धरून त्याच्याजवळ बसले होते. तो चुकला, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं. अर्ज मात्र मी दिला नाही.