बाईंना मिळालेला संशयाचा फायदा

मला तिसरीत शिकवणाऱ्या बाई पुढे माझ्या अशील झाल्या. मोहगावच्या शाळेतून त्या निवृत्त झाल्या, त्यानंतर यजमान गेले. मुलगी नागपूरला दिलेली. सौंसरच्या घरात एकट्याच, म्हणून समोरची खोली त्यांनी भाड्याने दिली. बोरगावला कारखान्यात कामाला आहे, असं भाडेकरूनं सांगितलं होतं. वर्षभर शांतपणे राहिला. एका दुपारी पोलिस आले तेव्हा तो नव्हता, आणि नंतरही कोणाला सापडला नाही. त्याच्या पेटीत मेथ या नशेच्या पदार्थाची पाकिटं निघाली. घर बाईंच्या नावावर, घरात बाई एकट्या. पोलिस त्यांनाच घेऊन गेले.

माझी वकिली धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणांची आणि फारकतीची. गांजाची दोन-चार प्रकरणं केली होती, मेथचं हे पहिलंच. कागदावर त्या रसायनाचं लांबलचक नाव मला नीट वाचताही येईना. एवढं मात्र माहीत होतं, की या कायद्यात जामीन लवकर मिळत नाही, आणि माल ताब्यात सापडला की ‘मला ठाऊक नव्हतं’ हे आरोपीलाच पटवून द्यावं लागतं.

जेलमध्ये पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा बाईंनी आधी माझ्या आईची तब्येत विचारली. मग म्हणाल्या, "त्या खोलीची दुसरी चावी माझ्याजवळ होती. तो ड्यूटीवर गेला की मी झाडून घेत होती. पेटी एकदा उघडी होती. आतमध्ये खडे दिसले. मले तुरटी वाटली."

"बाई, हे कोणाला सांगितलं?"

"कोणी विचारलंच नाही."

"मग सांगूही नका."

"काऊन? खरं आहे ना ते."

तेव्हा मी त्यांना अर्धा तास समजावलं. तुरटी वाटली यावर कोर्ट विश्वास ठेवेलच असं नाही. पेटी पाहिली होती, एवढं मात्र लिहून घेतील. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तू म्हणशील तसं."

जामीन हायकोर्टातून झाला, तोवर आठ महिने गेले होते. मग तारखा. एकदा साक्षीदार नाही, एकदा जज साहेब रजेवर, एकदा वकिलांचा संप. दर तारखेला आम्ही सकाळच्या बसनं जिल्ह्याच्या कोर्टात जायचो आणि संध्याकाळी परत. बाई खिडकीशी बसत. सुरुवातीला बोलायच्या, नंतर नुसत्या बाहेर पाहत राहायच्या. माझ्या आत काहीतरी विझत चाललं होतं. फाईल उघडली की झोप यायची.

प्रकरण सुटलं ते पोलिसांच्या ढिलाईमुळे. पंच म्हणून आणलेल्या चहावाल्यानं उलटतपासणीत सांगून टाकलं, की मी घरात गेलोच नाही, सही ठाण्यात केली. जप्तीच्या कागदावर पाकिटांचं एक वजन, प्रयोगशाळेच्या अहवालात दुसरं. सीलचा ठसाही जुळेना. युक्तिवादात मी तिथेच बोट ठेवलं आणि हलवलं नाही.

युक्तिवादाआधी कोर्टात बाईंचा जबाब झाला. साहेबांनी विचारलं, "खोलीत काय ठेवलं होतं, तुम्हाला माहीत होतं?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदात मान घातली.

"नाही साहेब. मी त्या खोलीत जात नव्हती."

बसमध्ये त्या म्हणाल्या, "पोरांना खोटं बोलण्यावरून मारलं मी. तुलाही मारलं असेल."

"मारलं होतं, बाई."

निकालाच्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "सुटलात." त्यांनी हिंदीतल्या निकालाची प्रत मागितली आणि कोर्टाच्या व्हरांड्यात चष्मा लावून शेवटचं पान दोनदा वाचलं.

"हे संदेह का लाभ म्हणजे संशयाचा फायदाच ना?"

"हो."

"म्हणजे बाईनं केलं नाही, असं कुठंच लिहिलं नाही?"

"तसं लिहीत नाहीत, बाई."

"मग यावर अपील करता येते का?"

मला हसू आलं नाही. "सुटलेला माणूस अपील करत नाही," एवढंच म्हणालो. त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. पाडव्याला शेजारणी पूर्वी त्यांच्याकडे यायच्या, त्या वर्षी कोणी आलं नाही. मुलगी न्यायला आली, तर बाई गेल्या नाहीत. "गेली तर लोक म्हणतील, पळाली," म्हणाल्या.

दोन महिन्यांनी पांढुर्ण्याचा एक माणूस माझ्याकडे आला. त्याचा भाऊ मेथसोबत पकडला गेला होता. भाऊ विकत होता हे त्यानं लपवलं नाही. बाईंच्या निकालाची झेरॉक्स त्यानं कुठूनतरी मिळवली होती. ती टेबलावर ठेवून म्हणाला, "वकील साहेब, आमचंही वजन जुळून नाही राहिलं. याच पॉइंटवर होईल ना?"

मी कागद पाहिले. वजन खरंच जुळत नव्हतं. वकालतनाम्यावर मी त्याच्या भावाची सही मागवून घेतली.

त्या आठवड्यात बाईंकडे गेलो होतो, तेव्हा ही गोष्ट सांगून टाकली. त्या मेथीची भाजी निवडत होत्या.

"घेतली केस?"

"घेतली."

त्यांनी काड्या बाजूला केल्या.

"चहा घेशील?" म्हणाल्या, आणि आत गेल्या.