अळणी अजून शिजतीय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, भावाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — तेही नीट ठाऊक नाही.

माझ्या वडिलांना, आबांना, अर्धांगाचा झटका आला आणि भावानं त्यांना हातकणंगल्याहून कोल्हापुरात आणलं. दवाखाना राजारामपुरीत, माझ्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ. त्या दिवशी मी गेले होते. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस — तोंड वाकडं झालेलं, शब्द लाळेत भिजून तुटत तुटत येत होते. मी काहीतरी निमित्त काढून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन. "आक्का, आबांना तुझ्या हातची अळणी पाहिजे. आणि तुझ्याशी कायतरी बोलायचं हाय म्हणत्यात."

अळणी म्हणजे आमच्याकडं तिखट घालायच्या आधीचं कोंबडीचं पाणी. हळद, मीठ, आलं-लसूण, बस्स. कुकरला लावली असती तर लगेच झाली असती. मग मुलानं आणून दिलेला तो स्लो कुकर मी का काढला? मंद आचेवर हाडांतला कस उतरतो म्हणून? — असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर त्याला दिवस लागतो, आणि मला दिवसच हवा होता.

घरात नुसत्या येरझाऱ्या. ओटा पुसला, परत पुसला. कपाट आवरायला काढलं, अर्ध्यात सोडलं. दुपारी झाकण उघडलं — मांस हाडांपासून सुटलं होतं, वर पिवळा तवंग आला होता. झाली होती हो अळणी! मी झाकण परत लावलं.

फोन. "आक्का, येतीस न्हवं? सारखं दाराकडं बघाय लागल्यात."

"अजून शिजतीय रे. कच्ची कशी आणू?"

पुन्हा फोन आला, तेव्हाही हेच सांगितलं.

संध्याकाळी डबा घेऊन पोचले तर भावजय दारातच रडत उभी. मघाशीच दुसरा झटका आला होता. आबांची वाचा गेली होती. "सकाळपास्नं म्हणत हुते, वन्सं. मी म्हटलं, मला सांगा. तर न्हाय म्हणाले — थोरलीलाच सांगायचं हाय."

आणि मला — कसं सांगू? — मला सुटल्यासारखं वाटलं. आता ऐकावं लागणार नाही. सगळ्यात आधी हेच मनात आलं. रडू नंतर आलं.

आत्या सगळ्या पावण्यांना सांगत सुटली, "पोरीनं बापासाठी दिसभर चुलीम्होरं काढला." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. मी वाटू दिला.

आबा त्यानंतर काही महिने होते. त्यांना सगळं कळायचं, मानेनं हो-नाही सांगायचे. "एकेक इचारून बघा की," भावजय म्हणायची, "मानेनं सांगतील." मी रविवारी हातकणंगल्याला जायची. चमच्यानं भरवायची, तोंड पुसायची, मी शिकवते त्या शाळेतलं काहीबाही सांगत राहायची — मधे जागाच राहू नये म्हणून न थांबता. ते माझ्याकडं बघत राहायचे.

ते जाईपर्यंत मी विचारलं नाही.