वाचुकाबाईंच्या बंगल्यावरचा मसाई

गाथोगो मसाई झाला तो चौपन्नाव्या वर्षी, आणि तेही एका दुपारात.

त्याआधी तो आमच्यासारखाच शेतकरी किकुयु जमातीचा होता. तीस वर्षं त्यानं प्लास्टिकच्या शेडात गुलाब कापले, गुलाबांवर औषध मारलं, आणि छातीत घरघर सुरू झाली तेव्हा मळेवाल्यांनी त्याला एक घोंगडी देऊन घरी पाठवला. मग नैरोबीच्या वाचुकाबाईंनी नैवाशाच्या तळ्याकाठी बंगला घेतला. सहा खोल्या, गवती छपराचा व्हरांडा, पाण्यापर्यंत उतरत गेलेली हिरवळ. मी तिथं स्वयंपाकाला होते, गाथोगो राखणीला लागला.

पहिल्याच पाहुण्यांनी बाईंना फोन केला, तुमचा वॉचमन जुन्या जाकिटात फिरतो, काही मजा येत नाही. पुढच्या आठवड्यात बाई गाठोडं घेऊन आल्या. दोन लाल चौकड्यांच्या चादरी, मण्यांच्या माळा, टायरच्या वहाणा, आणि दुकानातला एक भाला, ज्याचं टोक चालताना खुळखुळ वाजायचं.

"आजपासून तुझं नाव ओले लेमायान," बाई म्हणाल्या. "किकुयुत बोलायचं नाही. पाहुण्यांशी मोडकं स्वाहिली बोलायचं. जेवढं मोडकं तेवढं चांगलं."

मी त्याला स्वयंपाकघरात म्हणाले, "आरं, तुझा बाप न्देरी जन्मभर मसायांशी गुरांवरनं भांडला. वरनं बघत आसंल त्यो."

"बाप मेलाय, मुरीथीच्या आये," तो म्हणाला. "पगार जित्ता हाय."

चादरीची गाठ त्याला येईना. मीच बांधून द्यायचे, आणि मला तरी कुठली यायला! खरे मसाई रस्त्यानं गुरं घेऊन पाण्याला जाताना फाटकातून बघायचे आणि काठीवर रेलून हसायचे. एकजण रोज ओरडायचा, "भावा, गाठ बाईमाणसाची हाय रं!" गाथोगो भाला वर करून सलाम करायचा. लाज नावाची चीज त्यानं गुलाबांबरोबरच कापून दिली असावी.

पाहुण्यांबद्दल तर बोलायलाच नको. आख्खा आठवडा काचेच्या डब्यात बसून काढलेली ही माणसं शनिवारी इथं येऊन रान बघतात. जिराफ काटेरी झाडाचा पाला ओरबाडत असतो, तो आमच्या कुंपणाशी रोजच असतो, त्याला बघून ह्या बाया किंचाळतात. झेब्र्याच्या लेंडीचा फोटो काढतात. पाटी लावलेली असून माकडांना ब्रेड देतात, मग माकड टेबलावर येऊन साखरेचं भांडं उचलून नेतं तेव्हा मला विचारतात, "तुम्ही काही करत का नाही?" मी काय करू? माकडाला पावती मागू?

पाणघोडे मात्र गंमत नाहीत. दिवसभर ते पाण्यात नाकपुड्या वर काढून पडलेले असतात. सांज झाली की हिरवळीवर चरायला येतात आणि उजाडताना परत पाण्यात उतरतात. त्यांची वाट ठरलेली. त्या वाटेच्या अलीकडे गाथोगोनं चुना लावलेले दगड मांडले होते. पाच वाजल्यानंतर आणि उन्हं वर येईपर्यंत दगडांपलीकडे जायचं नाही, एवढाच कायदा. पाणघोडा आणि पाणी यांच्या मधे माणूस आला की पाणघोडा वळसा घालत नाही.

तर त्या शुक्रवारी न्येरीकडचे नऊजण आले. डोंगरातली माणसं, चहाचे मळेवाले, दोन म्हातारे, चार आत्या-काकवा, दोन सोबती आणि किरागू नावाचा एक पोरगा, नैरोबीला विम्याच्या हापिसात. दुसऱ्या दिवशी त्यांना पोरीच्या घरी मागणी घालायला जायचं होतं. आमच्यात पोरीच्या बापाला शेळ्या-बोकडांत पोरीची किंमत मोजतात, आणि मागणीला उशीर झाला की दारातच एक बोकड दंड बसतो, म्हणून एक मुक्काम अलीकडे टाकलेला. पोरानं मोबाईलवर बंगला बघितला आणि घेतला. तळ्याकाठी असे पन्नास बंगले आहेत. घ्यायचा तो नेमका आमचा घेतला.

त्यांचा पुढारी पोराचा काका गिताही. आयुष्यात पाणघोडा पाहिलेला नाही, पण न पाहिलेल्याबद्दलच ह्याला जास्त माहिती.

"ह्यो व्हय पाणघोडा?" व्हरांड्यात बसून तो म्हणाला. "डुक्कर हाय की हे. आमच्याकडं आसली चार बांधल्याती."

गाथोगो पायरीपाशी भाला घेऊन उभा. त्याच्या अंगावरून पाहुण्यांची नजर अशी गेली जशी खांबावरून जाते. मी चहा ठेवायला गेले की सगळे गप्प, कारण मी किकुयु आहे हे माझ्या तोंडावर लिहिलंय. मी आत गेले की पुन्हा सुरू, आपल्या बोलीत, अगदी मोकळं. मसाई उभा आहे, त्याला काय कळतंय! स्वयंपाकघराची खिडकी व्हरांड्यातच उघडते, पण खिडकीचं कोण मनावर घेतो?

"फुलांच्या मळ्यातली माणसं," गिताही म्हणत होता. "बापानं औषध मारून मारून फुप्फुस घालवलंय म्हणं. असला बाप काय ताणणार?"

एक काकू म्हणाली, "पण न्यागुथी सांगती, बाप बंगल्याचा म्यानेजर हाय."

मी सुकुमाची पालेभाजी चिरत होते. सुरी थांबली. न्यागुथी गाथोगोची थोरली, उद्या तिचीच मागणी, आणि दोन्हीकडच्यांनी अजून एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

"म्यानेजर!" गिताही हसला. "आन् मी राज्यपाल. ऐका, पोरीला चौथा लागलाय. आता बाप जाणार कुठं? चार बोकडांवर बोट ठिवायचं. त्यानं तोंड वर केलं की आपून उठायचं आन् गाडीत बसायचं. मग बघा, फाटकापत्तुर मागं पळत येतोय का न्हाई."

किरागू मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. पोटात पोर घालायला पुढं, बोलायला मागं.

मी खिडकीतून गाथोगोकडे बघितलं. तो हलला नाही. फक्त भाल्याचं टोक खुळखुळ वाजत होतं.

पाहुणे जेवायला बसले तेव्हा तो स्वयंपाकघरात आला आणि पाण्याच्या पिंपावर बसला.

"मुरीथीच्या आये, चौथा म्हंजी किती म्हैनं?"

"चौथा म्हंजी चौथा."

"मला कुनीच सांगितलं न्हाई."

"बापाला शेवटीच सांगत्यात. जा की भाईर, भाला आपट आन् सांग मीच त्यो बाप म्हनून."

"आन् मग? पोरगी खोटारडी ठरंल. ह्या चादरीत बघितल्यावर कोन व्याही म्हनंल मला? उठूनच जातील. उद्या मी तापानं पडलोय म्हनून सांगू. आत झोपून राहतो. थोरला भाऊ बोलंल."

"स्वतःच्या पोरीच्या मागणीला आत झोपनार?"

"झोपीन," तो म्हणाला. "लगीन झालं पायजे."

मी त्याच्यापुढं मक्याच्या गरम उगालीचं ताट असं आदळलं की त्याला चटका बसला. बरंच झालं.

पहाटे उजाडता उजाडता गिताही उठला. मोठ्या कामाला निघण्याआधी आमचे म्हातारे किरिन्यागाच्या डोंगराकडे तोंड करून देवाला हात जोडतात. इथून तो दिसत नाही, मधे न्यांदारुआची रांग आडवी पडलीय, पण म्हाताऱ्याला दिशा ठाऊक. दिशा तळ्याच्या बाजूची. तेव्हा हा पठ्ठ्या कोट घालून, दगडांची रांग ओलांडून, थेट पाण्याच्या कडेला, बरोबर पाणघोड्यांच्या वाटेवर जाऊन उभा राहिला. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, पाठ हिरवळीकडे. चार बोकडांत काम होऊ दे, असंच मागत असणार. देवाला तरी काय काय ऐकावं लागतं.

आणि हिरवळीवर एक मादी रातभर चरून पोट तट्ट फुगवून घरी निघाली होती.

गाथोगोनं पाहिलं. मी चूल पेटवत होते, मीही पाहिलं. तो पहिल्यांदा बाईंनी शिकवल्याप्रमाणे मोडक्या स्वाहिलीत ओरडला, "मोठं बाबा! माघारी ये! वंगाळ जनावर!"

गिताहीनं एक हात खाली करून माशी हाकलावी तसा हलवला आणि परत वर केला. देवाशी बोलताना मसायाचं कोण ऐकतो.

मादीनं मान खाली घातली. ती पळायला लागली की जमीन पायात कळते.

तेव्हा गाथोगो पोटातून ओरडला, आपल्या बोलीत, असा की पाणकावळे उडाले: "गिताही! डावीकडं लव्हाळ्यात उडी मार, गाढवाच्या लेका! मार, न्हाईतर मेलास!"

नावानं आणि शिवीनं काम केलं. गिताही डावीकडे लव्हाळ्यात तोंडावर पडला. मादी त्याच्या वहाणांवरून पाण्यात गेली, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता. तिची लायकी ह्या सगळ्यांत मोठी.

म्हातारा बाहेर निघाला तो तोंडापासून कमरेपर्यंत चिखल. कोट बघवत नव्हता. दात वाजत होते, तरी पहिलं काय विचारलं?

"तुला आमची बोली येती?"

"रोज कानावर पडती," गाथोगो खाली बघून म्हणाला. "थोडी चिकटली."

गिताहीचं तोंड पडलं. काल काय काय बोललो ते आठवत असणार. मग त्याचं त्यानंच मनाचं समाधान केलं, शेवटी राखणदार आहे, ह्याला कोण विचारतो! त्यानं कोट काढला आणि गाथोगोच्या अंगावर टाकला. "धुऊन वाळवून ठेव. आम्ही जाऊन येतो." जीव वाचवल्याचं नावसुद्धा नाही.

तो गेल्यावर मी म्हणाले, "तुडवू द्यायचं हुतंस."

"त्यो मेला असता तर मागणी मोडली असती," गाथोगो म्हणाला. "वरीसभर सुतक. आन् पोरीला चौथा." पुण्यबिण्य काही नाही, सरळ हिशोब. मला तो त्या दिवसातला पहिलाच शहाणा शब्द वाटला.

मग त्यानं कोट उचलून बघितला, बराच वेळ. पुढून, मागून. "मुरीथीच्या आये, निखाऱ्याची इस्त्री हाय का गरम?"

दुपारी आम्ही बायका गाथोगोच्या फाटकाशी उभ्या होतो. पाहुणे आले, आम्ही रिवाजाप्रमाणे वाट अडवून गाणी म्हटली, त्यांनी साखर-पीठ दिलं, आम्ही नाकं मुरडून आत घेतलं. गिताही पुतण्याच्या खेळायच्या जाकिटात, पाठीवर विमा कंपनीचं नाव. अशा बैठकीला पुढारी कोटाशिवाय म्हणजे नवरदेव चड्डीवर. आमचे म्हातारे एकमेकांना कोपरानं ढोसत होते.

एक म्हणालाच, "पावनं, पळायच्या शर्यतीवनं आलासा काय?"

"कोट... वाटंत खराब झाला," गिताही म्हणाला. मग खाकरून त्यानं काम सुरू केलं. "आम्ही वाटंनं चाललो हुतो. ह्या अंगणात एक फूल दिसलं..."

"फुलाचा बाप कुठाय?" आमचाच एक म्हातारा बोलला.

थोरला भाऊ उठला, ताप आलाय म्हणून सांगायला. तेवढ्यात दार उघडलं आणि गाथोगो बाहेर आला. लग्नातला जुना काळा सूट, मानेशी सैल झालेला, आणि हातावर गिताहीचा कोट, धुतलेला, कडक इस्त्री केलेला.

तो चालत गिताहीपुढं गेला आणि पहाटेच्याच मोडक्या स्वाहिलीत म्हणाला, "मोठं बाबा, कोट वाळला."

गिताहीनं आधी कोट ओळखला, मग आवाज, आणि मग माणूस. त्याच क्रमानं त्याचा रंग उतरत गेला. किरागूच्या हातातला मोबाईल पहिल्यांदाच खिशात गेला.

गाथोगो आपल्या खुर्चीवर बसला आणि सरळ किकुयुत म्हणाला, "व्याही, कालच्याला व्हरांड्यात बोलनं निम्मं झालंय तुमचं. आमच्या म्हाताऱ्यांनी ऐकलेलं न्हाई. तितनंच सुरू करा. चार बोकडं, मग गाडीत बसायचं, मग बाप मागं पळतोय का बघायचं. बोला. ह्यो बसलोय मी."

"कसलं बोलनं?" आमचे म्हातारे विचारू लागले. "कवा झालं? आमाला का न्हाई सांगितलं?"

गिताही कोट हातात धरून उभा. घालावा की नको हेही त्याला ठरवता येईना. शेवटी तो म्हणाला, "काय बी ठरलं न्हाई, व्याही. तुम्ही सांगाल ते."

इथं मी कान टवकारले. आता हाणेल असं वाटलं. दुप्पट मागेल, वाघासारखा बसेल. आणि हा गाथोगो काय म्हणाला? गावात जो आकडा चालतो तोच. एक शेळी जास्त नाही. फक्त म्हणाला, "पोरगी चौथ्यातली असू दे न्हाईतर चौदाव्यातली, किंमत पोरीची हाय, वेळंची न्हाई." न्यागुथी दाराआड रडत होती. मी तिला म्हटलं, रडू नकोस, असला बाप मिळाला म्हणून रडायला जन्म पडलाय.

सगळं पार पडलं. मुरातिनाच्या दारूचे भोपळे फिरले. न्यागुथीनं सगळ्यांसमोर बापाला सांगितलं की ही दारू तुम्ही प्या, म्हणजे तिला नवरा पसंत. तो प्याला. बैठकीत गिताहीनंच उठून सांगितलं की आमच्या व्याह्यानं पाणघोड्याच्या तोंडातून मला ओढून काढलं, पाणघोड्यानं मान लववली. राखणदार हा शब्द त्यानं चुकूनही काढला नाही. गाथोगोची लाज राहिली म्हणा, झाकली म्हणा.

पोर झालं, मुलगी, रिवाजानं तिला किरागूच्या आईचं नाव मिळालं. गोष्ट इथं संपली असती तर मी गाथोगोबद्दल चार बरे शब्द बोलले असते.

पण गेल्या महिन्यात गिताही परत आला. गावाकडचे तीन मळेवाले दोस्त घेऊन, ती जागा दाखवायला. चुन्याच्या दगडांच्या पुष्कळ अलीकडे उभं राहून हात पसरून सांगत होता, इथं मी, तिथं ती. गाथोगो लाल चादरीत, भाला घेऊन शेजारी उभा. गाठ मीच बांधलेली.

एका दोस्तानं विचारलं, "ह्यो मसाई व्हता काय तवा हितं?"

गिताहीनं गाथोगोकडे बघितलं. गाथोगोनं गिताहीकडे.

"व्हता," गिताही म्हणाला. आणि वळून, मोडक्या स्वाहिलीत, आपल्या सख्ख्या व्याह्याला म्हणाला, "ए, चहा सांग."

"हो, मोठं बाबा," गाथोगो तसल्याच मोडक्या स्वाहिलीत म्हणाला, आणि माझ्याकडे आला.

"काय बोलू नको, मुरीथीच्या आये. पोरगी नांदती त्यांच्यात."

मी चहा उकळला. चार कप भरले. गिताहीच्या कपात साखरेच्या जागी तीन चमचे मीठ टाकलं, ढवळलं, आणि मीच नेऊन दिला.

त्यानं घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. दोस्त बघत होते, गाथोगो बघत होता, मी तर समोरच उभी होते. ओरडायचं तर कुणाला ओरडणार, आणि कुठल्या बोलीत?

कप रिकामा होईपर्यंत मी तिथून हलले नाही.